नानांची बाटली आणि माझा राग

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "चाचा, तुमचा धंदाच सुगंधाचा. अंकासाठी छान सुगंधी आठवणी लिहून द्या." मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मला आठवतात त्या बहुतेक भांडणाच्या आठवणी आहेत. चाळीसेक वर्षं मी जळगावात अत्तर आणि सेंट विकले. इतकी वर्षं गुलाब-मोगऱ्यात बसलेल्या माणसाचा स्वभाव गोड होत असेल असं लोकांना वाटतं. माझा झाला नाही. गिऱ्हाइकांनी होऊ दिला नाही.

आमचं घर मूळ धुळ्याचं. वडील लग्नसराईत अत्तराची पेटी घेऊन खेडोपाडी जायचे. मंडपात व्याही बसले की कापसाचा फाया गुलाबात बुडवून एकेकाच्या हातात द्यायचे, आणि मोठमोठ्या मिशांचे पाटील तो फाया कानाच्या पाळीत खोचून दिवसभर मिरवायचे. मी जळगावला आलो, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक अरुंद दुकान घेतलं. एका भिंतीला अत्तराच्या कुप्या, दुसऱ्या भिंतीला फवाऱ्याचे परदेशी सेंट. आता दुकान मुलगा बघतो. मी गल्ल्यावर नाही, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसतो आणि गिऱ्हाइकांवर तिथूनच चिडतो.

पहिली चीड मनगटाची. गिऱ्हाईक येतं, नमुन्याची बाटली उचलतं, मनगटावर फस्स करून मारतं, दुसरं मनगट त्यावर घसाघसा घासतं, लगेच नाकाशी नेतं आणि तोंड वाकडं करतं. म्हणे, "स्पिरिट मारतंय." अरे बाबा, मारणारच. त्यात स्पिरिटच जास्त असतं, ते उडून जायला दोन मिनिटं तरी दे. आणि घासतोस कशाला? मनगट आहे, काडेपेटी नाही.

बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगतो. सेंट लावल्याबरोबर जो वास येतो तो लिंबू, संत्रं, मिरी अशा हलक्या चिजांचा असतो. तो लवकर उडतो. मग मधला वास येतो, फुलांचा किंवा मसाल्यांचा. खरा माल तळाला असतो. चंदन, ऊद, देवदार, धूप असले जड वास वर यायला दोन-तीन तास लागतात, आणि तेच संध्याकाळपर्यंत अंगावर राहतात. चांगला सेंट महाग असतो तो या तळामुळे. नक्कल करणारा वरचा वास हुबेहूब उतरवतो, कारण तो स्वस्तात उतरतो. तळाशी आला की तो हात आखडतो. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी चीड "लाँग लास्टिंग आहे का?" या प्रश्नाची. एका सरकारी ऑफिसातले साहेब दर पंधरवड्याला यायचे आणि म्हणायचे, "चाचा, तुमचा माल टिकत नाही. दहा वाजता लावतो, अकराला वास गायब." मी त्यांना सांगून थकलो की वास जागेवरच आहे, तुमच्या नाकाला त्याची सवय झाली. रोज एकच सेंट लावला की नाक त्याची दखल घेणं बंद करतं. त्यांना पटलं नाही. ते मारत राहिले, मानेवर, शर्टावर, रुमालावर. शेवटी एक दिवस त्यांची बायको दुकानात आली आणि हात जोडून म्हणाली, "यांना आता काही देऊ नका हो, घरात जेवण जात नाही." मी त्यांना चार महिने रिकाम्या हाताने परत पाठवलं. ते दुसरीकडून घेऊ लागले आणि मला शिव्या देऊ लागले.

तिसरी चीड मोबाइलवर वासाचं ज्ञान देणाऱ्यांची. थंड मुलखात बसून कोणीतरी सांगतो की अमुक ऊद लावल्यावर माणूस राजासारखा वाटतो. ते बघून चाळीसगावचा एक मुलगा आला. त्याचं लग्न मे महिन्यात. मी म्हटलं, "खानदेशातला मे आहे, बाळा. हा डिसेंबरचा वास. उन्हात तो तुझ्याच अंगावर उकळेल. खसाचं, म्हणजे वाळ्याचं अत्तर घे, नाही तर वाळ्याचाच हलका फवारा घे." तो माझ्याकडे दया आल्यासारखा बघत होता. ऊदच घेतला, आणि घसघशीत मारला असणार. लग्नानंतर बाटली परत घेऊन आला. म्हणे, फोटोच्या वेळी मामेसासरे शेजारून उठून गेले आणि नवरीचं डोकं चढलं. वर मलाच विचारतो, "तुम्ही नीट सांगितलं का नाही?"

आणि एक प्रश्न तर असा आहे की तो ऐकला की मला पाणी प्यावं लागतं. गुलाबाची कुपी पुढे केली की तिशीतला गडी मागे सरकतो आणि विचारतो, "लेडीज तर नाही ना?" याच्या आजोबांनी आयुष्यभर कानात गुलाब खोचला. ते काय लेडीज होते? पुरुषाचा वास वेगळा आणि बाईचा वेगळा, हे खोक्यावर छापणाऱ्यांनी ठरवलं. मोगऱ्याला कोणी विचारलं नव्हतं. पण नातवाला आता काळी बाटली पाहिजे, तिच्यावर वीज नाही तर वाघ पाहिजे, आणि आत काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

दुकानात येऊन तासभर दहा बाटल्या हुंगणारे, खोक्याचे फोटो काढणारे आणि माझ्याच पंख्याखाली उभं राहून ऑनलाइन मागवणारे यांच्याबद्दल लिहीत नाही. डॉक्टरांनी रक्तदाब सांभाळायला सांगितलाय.

या सगळ्यात मला जगवलं ते शौकिनांनी. शौकीन म्हणजे पैसेवाला नाही. शौकीन म्हणजे जो वास घेताना गप्प बसतो. असे तिघे माझ्याकडे दर रविवारी दुपारी जमायचे.

पहिले धुळ्याचे भटू आबा. एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर झाल्यावर फुकट पासावर बसने यायचे. वयाने माझ्याहून थोर, मला अरेतुरे करायचे. विकत काहीच घ्यायचे नाहीत. सगळे वास घेऊन झाल्यावर म्हणायचे, "बठ्ठा चांगला शेत. पन घरमा लाऊ कोनले दखाडाले?" म्हणजे सगळे चांगले आहेत, पण घरात लावून दाखवू कोणाला? आणि शेवटी माझ्या वडिलांच्या पद्धतीने कापसाचा फाया मागून घ्यायचे.

दुसरा मनोज. पिंप्राळ्यात राहणारा, औषध कंपनीचा एमआर. कडक इस्त्री, गोड जीभ, आणि घरात काचेच्या कपाटात बाटल्यांची रांग. जळगावात त्याच्याइतका मोठा संग्रह दुसऱ्या कोणाचा नव्हता. नवीन काय निघालं, जुन्या सेंटचा मसाला कंपनीने कधी बदलला, हे सगळं त्याला तोंडपाठ. मला तो आवडायचा. पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना हे लक्षात असू द्या.

तिसरे सावद्याचे नाना. केळीचे बागायतदार, शेतकी कॉलेजात शिकलेले, पन्नाशीचे. कमी बोलायचे. नानांचा हा शौक गावात कोणाला माहीत नव्हता. एकदा लग्नाला जाताना त्यांनी थोडा सेंट लावला, तर भाऊबंदांनी वर्षभर त्यांना "हिरो" म्हणून हाक मारली. तेव्हापासून त्यांच्या बाटल्या घरात नसायच्या. मळ्यातल्या खोलीत, खत-औषधांच्या कपाटात मागच्या बाजूला ठेवलेल्या असायच्या. रविवारी ते घरी सांगायचे की जळगावला केळीच्या गाडीचं काम आहे, आणि माझ्याकडे यायचे. आठवड्यात ते वासाबद्दल बोलायचे ते फक्त त्या दुपारी. हे त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं, आणि मी ते विसरायला नको होतं.

आमच्या बैठकीची एक पद्धत होती. दुकानात मागच्या बाजूला मी एक दोरी बांधलेली. कागदाच्या पट्टीवर सेंट मारायचा, पट्टीवर पेन्सिलीने नाव लिहायचं, आणि कपड्याच्या चिमट्याने ती दोरीला अडकवायची. लगेच मत द्यायचं नाही. मग चहा, गप्पा, पुन्हा चहा. निघायची वेळ झाली की एकेक पट्टी उतरवून हातोहात फिरवायची आणि तेव्हा बोलायचं. निकाल संध्याकाळी, हा आमचा कायदा. महागाच्या कित्येक बाटल्या त्या दोरीवर नापास झाल्या आणि एक-दोन स्वस्तातल्या पहिल्या आल्या.

माझी आणखी एक पद्धत होती, आणि तिच्यावरून शौकीन माझ्यावर रागवायचे. कोणी रिकामी बाटली घेऊन आला की मी पक्कड घेऊन तिच्या मानेभोवतीची पत्र्याची कडी उपटून काढायचो. कडी गेली की पंप बसत नाही आणि बाटली पुन्हा भरता येत नाही. हे करावं लागतं, कारण नामी सेंटच्या रिकाम्या बाटल्यांना बाजार आहे. एजंट त्या गोळा करतात, आत साखरपाण्याच्या लायकीचा माल भरतात, नवीन खोक्यात घालतात, आणि ती बाटली खऱ्याच्या थोड्याशा कमी भावात विकली जाते. फार स्वस्त विकली तर संशय येतो. बाटली खरी, झाकण खरं, आतला माल खोटा. भल्याभल्यांना कळत नाही.

पण शौकिनाचा जीव बाटलीत अडकतो. रिकामी झाली तरी त्याला ती कपाटात साजरी दिसायला हवी असते, आणि मान उपटलेली बाटली साजरी दिसत नाही. मनोजची एक भारी बाटली संपली होती. काळ्या काचेची, जड बुडाची. एका रविवारी ती माझ्याच काउंटरच्या कडेला आपटली आणि बुडाचा एक टवका उडाला. मी पक्कड घेतली तर त्याने हात धरला. "चाचा, हिला नको. टवका उडाला तरी देखणी आहे, कपाटात ठेवतो." मी ऐकलं. मनोज होता म्हणून ऐकलं.

त्याच सेंटवर नानांचा जीव होता. धुराचा आणि सुक्या लाकडाचा वास, आणि खाली, फार खाली, पाऊस न पडलेल्या मातीसारखं काहीतरी. दोन-तीन वर्षं ते माझ्याकडून त्याच्या लहानशा कुप्या भरून नेत होते. अख्खी बाटली घ्यायची त्यांना हिंमत होत नव्हती. पैशाचा प्रश्न नव्हता, केळीने त्यांना बरं दिलं होतं. पण स्वतःसाठी, कोणाला न सांगता, एवढी मोठी वस्तू घ्यायची म्हणजे त्यांना चोरी केल्यासारखं वाटायचं. शेवटी त्यांनी ठरवलं. त्या वेळी माझ्याकडे तो माल नव्हता. मनोज म्हणाला, "नाना, मी आणून देतो. मुंबईत माझा माणूस आहे, सीलबंद मिळेल."

पुढच्या रविवारी नाना आले तेव्हा बाटली पिशवीत नव्हती, शर्टाच्या आत छातीशी धरलेली होती. पन्नाशीचा बागायतदार, आणि चेहरा शाळेत पहिला नंबर आलेल्या पोराचा. आम्ही सगळ्यांनी पट्ट्या काढल्या. वरचा वास चोख होता. भटू आबा म्हणाले, "नाना, आते तुम्हना वास सावदाथून जळगावलगून येवाव शे." वास सावद्याहून थेट जळगावपर्यंत येणार, यावर आम्ही हसलो. पट्ट्या दोरीवर गेल्या.

मी बाटली बघायला हातात घेतली, उलटी केली, आणि बुडावर माझा अंगठा एका खाचेत गेला. टवका. तोच, त्याच कोपऱ्यात.

मी बाटली सरळ करून खाली ठेवली. कायदा होता, निकाल संध्याकाळी. दोन तास मी चहाचे कप इकडून तिकडे केले. मनोज काहीतरी सांगत होता आणि मला ते ऐकूही येत नव्हतं. निघायची वेळ झाली तेव्हा मी दोरीकडे वळलो, तर नाना आधीच तिथे उभे होते. त्यांनी स्वतःची पट्टी उतरवून खिशात घातली होती. आबांची, मनोजची आणि माझीही. म्हणाले, "ह्या मी घरी नेतो." मला वाटलं, हौस. मनोज म्हणाला, "कसा आहे मग, नाना?" नाना म्हणाले, "एक नंबर."

त्यांनी बाटली पिशवीत भरायच्या आधी मी माझ्या बाहीवर थोडा मारून घेतला होता. घरी जाताना वाटेत बाही नाकाशी धरली. लाकूड नाही, धूर नाही, माती नाही. गोळ्या-बिस्किटांच्या बरणीत झाकण उघडल्यावर येतो तसला गोडसर वास, आणि तोही विरत चाललेला. तिथेच रस्त्यात उभं राहून मी मनोजच्या नावाने काय काय बोललो ते छापण्यासारखं नाही. बायकोने दार उघडलं, माझा चेहरा बघितला आणि विचारलं, "किससे लड़ के आए?" म्हटलं, अजून लढायचंय.

तो आठवडा मी कसा काढला ते माझ्या मुलाला विचारा. दुसऱ्या रविवारी तिघे आले. चहा आला. मी कपाला हात लावला नाही. नानांना मी फोनवर बाटली आणायला सांगितलं होतं, ती मागून घेतली आणि काउंटरवर उलटी ठेवली.

"मनोज, हा टवका कुठे उडाला?"

त्याने बघितलं. रंग उतरला, पण जीभ उतरली नाही. "चाचा, अशा बाटल्या हजारो असतात."

"टवका उडालेल्या? याच कोपऱ्यात?"

मग तो थोडं थोडं बोलायला लागला. रिकाम्या बाटल्या घेणारा एजंट त्याच्या ओळखीचा होता. मनोज त्याला आपल्या बाटल्या द्यायचा. कपाटात जागा करायची म्हणून दिल्या म्हणे. आणि नानांची बाटली त्याने त्याच एजंटकडून घेतली होती. भरून आली ती आपलीच होती हे त्याने बघितलं नसेल, हे मी मानायला तयार होतो. एजंट काय भरतो ते त्याला माहीत नव्हतं, हे मात्र मी मानणार नव्हतो. जळगावात सगळ्यात जास्त सेंट हुंगलेला माणूस आहे तो.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

आणि तेव्हा तो नको ते बोलला. "चाचा, एवढं काय? दिवसभर केळीवर फवारणी करून येणारा माणूस. नानांना काय फरक कळणार आहे?"

नाना समोर बसलेले होते.

मी खुर्चीवरून कसा उठलो मला आठवत नाही. त्याची कॉलर धरली नाही, एवढं अल्लाने वाचवलं. मी त्याला सांगितलं की या दुकानाची पायरी तू पुन्हा चढायची नाहीस. मी त्याला चोर म्हटलं, खोट्या मालाचा दलाल म्हटलं, आणि आवाज इतका होता की समोरचा चपलांचा दुकानदार बाहेर आला. मनोज उठला, इस्त्रीचा शर्ट सारखा केला आणि निघून गेला. दारात एकदा थांबून त्याने नानांकडे बघितलं. नानांनी खाली बघितलं.

मी धापा टाकत बसलो. खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. चाळीस वर्षांची चीड एका ठिकाणी निघाली होती, आणि ती योग्य माणसावर निघाली होती. मी नानांकडे वळलो. त्यांनी आभार मानावेत असं मला वाटत होतं, ते लपवत नाही.

नाना म्हणाले, "चाचा, मले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"बाटली खोटी हाये ते. त्याच दिवशी. दोरीवरून पट्टी काढली तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी बाटली उचलली, झाकण लावलं आणि पिशवीत ठेवली. हळूहळू बोलले, नेहमीसारखे. "बोलून काय झालं असतं? हेच. मनोज गेला असता. तो गेला की तुमी चिडून बसणार, आबा तुमच्यावर चिडून यायचे बंद होणार. मंग मी रविवारी कुठी जाऊ? सावद्यात मी कोनाशी बोलू की तळाला धूर येऊन राह्यला का नही? बाटली खोटी निघाली त माझी एक बाटली गेली. आता सगळं गेलं."

"पण तो तुमच्याबद्दल काय बोलला ते ऐकलंत ना?"

"ऐकलं. ते माझ्याबद्दल होतं, चाचा. तुमच्याबद्दल नव्हतं. माफ करायचं का नही ते मी ठरवलं असतं."

ते उठले आणि गेले. भटू आबा कापसाचा फाया बोटांत फिरवत बसले होते. मी म्हटलं, "आबा, तुम्ही तरी सांगा, माझं काय चुकलं?"

आबा म्हणाले, "तुनं बठ्ठं खरं शे, युसूफ. पन तू नानाना भांडन लई लिधं. त्याले काहीच ठेवं नही." म्हणजे माझं सगळं खरं, पण नानांचं भांडण मी हिसकावून घेतलं, त्यांना काहीच ठेवलं नाही.

त्या दिवशी मी आबांवरही चिडलो. म्हटलं, फसवणाऱ्याला फसवणारा म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? खोटा माल डोळ्यांदेखत विकला जातो आणि अत्तरवाल्याने तोंड बंद ठेवायचं? वडिलांनी मला हे शिकवलं नाही. मी आजही तेच म्हणतो. मनोजने केलं ते हलकट काम होतं, आणि त्याच्या तोंडून जे निघालं ते त्याहून हलकट होतं. हे मी कोणत्याही दोरीवर टांगायला तयार आहे, संध्याकाळीही तोच वास येईल.

पण रविवार येतो आणि दुकानात कोणी येत नाही. आबा पहिले दोन रविवार आले, मग त्यांचे गुडघे दुखायला लागले. त्यांचे गुडघे आधीही दुखायचे. मी मागच्या बाजूला जातो, एखाद्या नवीन सेंटची पट्टी मारतो, चिमट्याला लावतो. संध्याकाळी उतरवतो. बरा असतो, वाईट असतो. कोणाला सांगायचं म्हणून मुलाला सांगतो, तर तो म्हणतो, "अब्बा, विकला जाईल का ते सांगा."

उन्हाळा संपता संपता माझ्याकडे तो खरा माल आला. काळी बाटली, जड बुडाची. मी स्वतः खोकं फोडलं, तीन दिवस बाहीवर लावून खात्री केली. धूर, लाकूड, आणि खाली ती माती. एक मोठी कुपी भरली, कापसात गुंडाळली आणि सावद्याकडे जाणाऱ्या केळीच्या गाडीवाल्याकडे नानांसाठी दिली. सोबत निरोप दिला की ही विकत नाही, घरची आहे.

चार दिवसांनी फोन आला. नानाच.

"मिळालं, चाचा."

"लावून बघितलंत?"

"लावलं. मळ्यातल्या खोलीत बसून लावलं. संध्याकाळपर्यंत बसलो."

"मग?"

"तोच हाये. एकदम तोच." पलीकडून पंपाचा आवाज येत होता, मळ्यात मोटर चालू असावी. मग म्हणाले, "पन एकट्यानं बसून काय करू त्याचं? मले वाटलं, आता आबा काय म्हनतील. मनोज काय म्हनंल. तो म्हनला असता की कंपनीनं मसाला बदलला."

मी म्हटलं, "नाना, रविवारी या. मी आणि तुम्ही. आबांना मी आणतो, रिक्षाने बस स्टँडवरून आणतो."

"येतो की," नाना म्हणाले. "मनोजले बलवा. तो आला की मी येतो."

"त्याला? त्याने तुम्हाला काय म्हटलं ते विसरलात?"

"नही विसरलो. त्यालेच विचारायचं हाये. तुमच्या दुकानात, दोरीखाली बसून, मी विचारनार. तुमी गप राहायचं."

मी बरंच काही बोललो. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच म्हणाले की मोटर बंद करायची आहे, ठेवतो.

मनोजचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये अजून आहे. पिंप्राळा इथून रिक्षाने काही लांब नाही. रोज सकाळी मी ठरवतो की आज फोन करायचा, आणि रोज मला ते वाक्य आठवतं, फवारणीचं, आणि डोकं पुन्हा तापतं. फसवल्या गेलेल्या माणसाचा राग कधीच उतरला. माझा उतरत नाही, आणि तोवर नाना रविवारी मळ्यात बसलेले आहेत.